शस्त्रहतांची चतुर्दशी

रणांगणात शत्रूकडे तोंड करून पडलेल्या पुरुषाविषयी आपल्या धर्मशास्त्राने जे सांगून ठेवले आहे ते मोठे विलक्षण आहे. सूर्यमंडळ भेदून पलीकडे जाण्याचा अधिकार पराशरस्मृती दोघांनाच देते, एक योगयुक्त संन्यासी आणि दुसरा रणात पाठ न दाखविता देह ठेवणारा वीर. आणि मनुस्मृतीचा पाचवा अध्याय तर त्याही पुढे जाऊन असे म्हणतो की, क्षात्रधर्माने लढताना ज्याला शस्त्राने मरण आले त्याचा यज्ञ तत्क्षणी सांग झाला आणि त्याच्या मरणाचे अशौचही तत्क्षणीच फिटले. इतरांच्या मृत्यूला दहा दिवसांचे सुतक. याच्या मृत्यूला एका क्षणाचेही नाही. स्मृतिकारांचा हेतू उघड आहे. ज्या मृत्यूला ते यज्ञाची पदवी देत होते, त्याला विटाळाचा स्पर्श त्यांना मानवला नाही.

परंतु हे वचन वाचून ग्रंथ मिटल्यावर संसारी वाचकाच्या मनात एक प्रश्न उरतो, आणि तो शास्त्रार्थाचा नसून घरातला आहे. सुतक फिटले हे खरे. पण ज्या घरातून तो पुरुष गेला त्या घरात त्या दिवशी चूल पेटली नसेल, म्हातारीने अन्नाला हात लावला नसेल, अंगणातल्या पोराला बाप कुठे गेला हे कोणी सांगितले नसेल, त्या घराचे काय? यज्ञ पूर्ण झाला तो यजमानाचा. ज्यांची संमती कोणी विचारली नाही आणि तरी ज्यांच्या जन्माची आहुती पडली, त्यांचा हिशेब कोणत्या अध्यायात मांडला आहे?

संन्याशाच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. तो विधिपूर्वक, स्वतःच्या हाताने स्वतःचे श्राद्ध उरकून घराबाहेर पडलेला असतो. म्हणून पराशराने त्याला आणि वीराला एकाच पंक्तीला बसविले, हे मला नेहमीच थोडे घाईचे वाटत आले आहे. शिपाई संन्यास घेऊन पलटणीत जात नाही. तो जातो तेव्हा त्याच्या खिशात घरची चिठ्ठी असते, आणि पुष्कळदा तो जातो तो त्या घरासाठीच.

हा विचार पाचगणीसारख्या ठिकाणी बसून करावा हे वरवर विसंगत वाटेल. सिल्व्हर ओकच्या रांगा, परगावच्या मुलांनी गजबजलेल्या निवासी शाळा, आरोग्यभुवने आणि टेबललँडवरचा वारा, एवढीच पाचगणी पाहुण्यांना ठाऊक असते. पण चार हजार फुटांहून उंच अशा या पठाराच्या कडेवर उभे राहून खाली पाहिले की कृष्णेचे खोरे आणि वाई दिसते, पाठीशी जावळीचा मुलूख असतो, आणि या सगळ्या डोंगरदऱ्यांनी शेकडो वर्षे एकच पीक अखंड दिले आहे, ते म्हणजे शिपाई. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर आपल्या नावापुढे ‘मिलिटरी’ ही उपाधी लावूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले. एका गावाने 46 माणसे दिली, हे वाक्य लिहायला सोपे आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की, एकाच वेशीच्या आत 46 उंबऱ्यांवर तेच दुःख थोड्याफार अंतराने येऊन उभे राहिले.

या शिपायांत एक वर्ग असा आहे की ज्याच्याविषयी आपल्या वाङ्मयात फारसे लिहिले गेलेले नाही. तो सदासर्वकाळ सैनिक नसतो. इंग्रजी अमदानीत पलटणीतली नोकरीची मुदत संपवून गावी आलेल्या माणसाचे नाव राखीव यादीत राहात असे. तो नांगर धरी, जत्रेत मानाचा फेटा बांधी, पोरांची लग्ने जमवी, आणि युद्ध उभे राहिले की परत रुजू होण्याचा हुकूम त्याच्या हातात पडे. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कायद्याने प्रादेशिक सेना निर्माण झाली आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. आपल्या बाजूला तिला कोणी प्रादेशिक सेना म्हणत नाही, ‘टी.ए.’ म्हणतात, आणि कोल्हापूरची मराठा लाइट इन्फंट्रीची 109 वी टी.ए. बटालियन इकडच्या पोरांना चांगली परिचित असते. या सेनेची अट मोठी अर्थपूर्ण आहे. जो नुसता रिकामा आहे त्याला ती घेत नाही. उमेदवाराला पोटापाण्याचा दुसरा काही उद्योग असलाच पाहिजे. म्हणजे आधी गृहस्थ, मग शिपाई. ‘सावधानी व शूरता’ हे तिचे ब्रीद, आणि त्यातही सावधानी आधी आहे.

असा एखादा गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. पावसाळा ओसरला की त्याला स्ट्रॉबेरीचे गादीवाफे धरायचे असतात, मल्चिंग पेपर अंथरायचा असतो, रोपे लावून ठिबकच्या नळ्या तपासायच्या असतात. थोरल्या मुलीची परीक्षा, बापाचे मोतिबिंदूचे ऑपरेशन आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता ही त्याच्या मनातली तीन कायमची ओझी असतात. वर्षातून ठरावीक मुदतीचे, साधारण दोन महिन्यांचे शिबिर लागते तेव्हा तो माळ्यावरची काळी पत्र्याची ट्रंक खाली काढतो. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, नाव आणि पलटण लिहिलेली असते. आत घडी घातलेली वर्दी, बुटांची डबी आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. शिबिर संपले की ट्रंक पुन्हा माळ्यावर जाते. पण कधी कधी बोलावणे शिबिराचे नसते, आणि मग त्या ट्रंकेचा परतीचा प्रवास कोणी करील हे आधी सांगता येत नाही.

अशा माणसाला कोणता धर्म लागू करावा? वर्णाश्रमाची व्यवस्था ज्यांनी बांधली त्यांनी गृहस्थाश्रमाला इतर सर्व आश्रमांचा आधार म्हटले, आणि क्षात्रधर्माला राष्ट्राचा आधार म्हटले. पण एकाच देहात, एकाच वर्षाच्या दहा महिन्यांत एक आणि दोन महिन्यांत दुसरा, असे हे दोन धर्म नांदू लागले म्हणजे त्यांतला कोणता कोणाला वाट देतो याचा निर्णय त्यांनी केलेला नाही. लोकमानसाने मात्र केला. तानाजी मालुसरे घरातले लेकाचे लग्न टाकून कोंढाण्यावर गेला आणि 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तिथेच पडला, ही कथा आपल्याकडे इतकी रुळली आहे की, घर आणि गड यांत गड आधी हा निवाडा आपण आईच्या दुधाबरोबर पितो. तो निवाडा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पण तो करताना आपण तानाजीला बापपणातून मुक्त करून टाकतो, आणि ते मात्र सत्याला धरून नाही. कथेतही रायबा आहेच. त्याच्यावाचून कथेला धार नाही. ज्याला लग्न करून द्यायला मुलगाच नाही त्याने गड घेतला असता तर तो पराक्रम ठरला असता, त्याग ठरला नसता.

गीतेकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले पाहिजे. पहिल्या अध्यायातला अर्जुन हा भित्रा नाही, आणि तत्त्वज्ञही नाही. तो कुटुंबवत्सल माणूस आहे. त्याचे म्हणणे सगळे कुळाविषयी आहे. कुळ नष्ट झाले की कुळधर्म जातील, घरातल्या स्त्रियांची दुर्दशा होईल, आणि पिंड व पाणी द्यायला कोणी न उरल्यामुळे पितर खाली कोसळतील, ही त्याची मुख्य धास्ती. ज्ञानेश्वरांनी त्या कारुण्याला थट्टेवारी नेले नाही. ते ओलाव्याने वर्णिले आणि मग त्यातला मोह दाखविला. पुढच्या सतरा अध्यायांत श्रीकृष्ण आत्म्याचे अमरत्व सांगतात, स्वधर्म सांगतात, फलत्याग सांगतात, विश्वरूप दाखवितात. परंतु पिंडोदकाविषयीच्या त्या एका साध्या, घरगुती शंकेला थेट उत्तर म्हणून एक वाक्यही येत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिताना कर्मयोगाचा जो प्रचंड प्रासाद उभारला त्यातही या शंकेला स्वतंत्र दालन मिळालेले मला आढळले नाही.

विनोबांनी मात्र तिला वेगळ्या बाजूने हात घातला. 1917 च्या सुमारास तेही या डोंगराच्या पायथ्याशी, वाईला, नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी शिकायला येऊन राहिले होते. आणि पुढे 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतली, त्यांच्या आरंभीच त्यांनी एका न्यायाधीशाचा दाखला दिला आहे. शेकडो अपराध्यांना फाशी सुनावणारा तो न्यायाधीश, खुद्द आपला मुलगा खुनी म्हणून समोर येताच, फाशीची शिक्षा कशी अमानुष आहे यावर व्याख्यान देऊ लागतो. अर्जुनाची अहिंसा तशीच आहे, ती स्वजनांच्या आसक्तीतून फुटलेली आहे, असे विनोबांचे प्रतिपादन. ते तर्काने निर्दोष आहे आणि त्याला उत्तर देणे अवघड आहे. तथापि विनोबा आजन्म ब्रह्मचारी होते, आणि संसारी माणसाला तोच दाखला दुसरेही काही सांगून जातो. न्यायाधीशाला मुलासमोर जे सुचले ते स्वार्थामुळे सुचले हे कबूल. पण म्हणून ते खोटे होते असे कसे म्हणावे? आधीच्या शेकडो आरोपींनाही बाप होते, ही गोष्ट त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली असेल. आसक्तीने माणूस आंधळा होतो हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, काही गोष्टी आसक्तीवाचून दिसतच नाहीत. ज्याला स्वतःचे लेकरू आहे त्या शिपायाला शत्रूच्या लेकराची जाणीव असण्याचा संभव अधिक, आणि माझ्या मते राष्ट्राने बंदूक शक्य तो अशाच माणसाच्या हाती द्यावी.

1944 चा जुलै महिना या संदर्भात नेहमी आठवतो. फेब्रुवारीच्या 22 तारखेला आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा वारल्या होत्या; मे महिन्यात सुटका झालेले गांधीजी प्रकृतीसाठी जुलैत पाचगणीला येऊन राहिले होते. साठाहून अधिक वर्षांचा संसार मोडलेला तो वृद्ध गृहस्थ, ज्याने गीतेतले कुरुक्षेत्र माणसाच्या अंतःकरणात आहे असे प्रतिपादन केले, तो या डोंगरावर होता आणि त्याच्या नित्याच्या प्रार्थनेत स्थितप्रज्ञाची लक्षणे म्हटली जात होती; आणि त्याच महिन्याच्या 10 तारखेला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, कुलाबा जिल्ह्यातल्या माणगावकडचा नायक यशवंत घाडगे याच्या हाताखालचे सगळे शिपाई मशीनगनच्या माऱ्याखाली मेले किंवा जायबंदी झाले असता तो एकटा त्या मोर्चावर चालून गेला, मोर्चा त्याने निकामी केला आणि लगेच लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला. वय बावीसच्या आसपास. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो त्याच्या पत्नीने व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून घेतला. या दोन घटनांतून मला कसलाही सिद्धान्त काढावयाचा नाही. एकाच ग्रंथाच्या छायेत वाढलेली दोन माणसे एकाच महिन्यात त्याचे दोन अर्थ जगत होती, आणि दोन्ही ठिकाणी पतिपत्नींपैकी एक जण मागे उरले होते, एवढेच नमूद करावयाचे आहे.

मेलेल्या वीराचे स्मरण समाजाने कसे केले हे पाहायचे तर वाई तालुक्यातल्या किकली गावी जावे. तिथल्या भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळांची जणू एक वस्तीच आहे. वीरगळाची रचना ठरलेली असते. तळाच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढत असलेला, कधी शेजारी पळवून नेलेल्या गाई. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला हातांवर तोलून वर नेत आहेत. सर्वांत वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे, आणि माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असेतो याची कीर्ती राहो. कल्पना भव्य आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. त्यामुळे चंद्रसूर्य राहिले आणि ज्याची कीर्ती राहायची त्याचे नाव गेले. आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्या तीनही चौकटींत रण आहे, आकाश आहे, कैलास आहे. घर कुठेच नाही. पोर नाही, म्हातारा बाप नाही. आसपासच्या गावांत सतीशिळा दिसतात, त्यांच्यावर कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला एक हात कोरलेला असतो. म्हणजे वीराच्या घराला दगडावर जागा मिळाली ती चितेवर चढल्यानंतर. जी बाई चितेवर न चढता पोरे वाढवीत राहिली, तिच्यासाठी कोणी टाकी उचलली नाही.

दगडाने जे वगळले ते देवघराने राखले. मराठ्यांच्या, धनगरांच्या आणि इतरही अनेक समाजांच्या घरांत देव्हाऱ्यात टाक असतात. दोन बोटांएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठसा उठविलेला. खंडोबा, भवानी, भैरोबा यांच्या शेजारी एखादा टाक घरातल्याच कोणा पूर्वजाचा असतो, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. वर्षानुवर्षांच्या घासण्याने त्याचे नाकडोळे झिजून गेलेले असतात. नवरात्रात देव बसतात तेव्हा तो विड्याच्या पानावर इतर देवांबरोबर बसतो, दसऱ्याला चिंचेने उजळून ताम्हणात न्हातो, आणि घरात नवी सून आली की तिला त्याच्याही पाया पडावे लागते. वीरगळावरचा वीर गावाच्या वेशीवर राहिला. टाकावरचा घरात परत आला. पहिल्याला नमस्कार करणारा वाटसरू असतो, दुसऱ्याला नैवेद्य दाखविणारी पणतसून असते, आणि तिला हा मूळचा कोण, कुठल्या लढाईत पडला, हे ठाऊक नसले तरी तो आपला आहे हे ठाऊक असते.

पण या सगळ्याहून मला जो विधी अर्थगर्भ वाटतो तो पितृपक्षातला आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही तिथी धर्मशास्त्राने शस्त्राने मेलेल्यांसाठी राखून ठेवली आहे. पितृपक्षातल्या इतर दिवशी बाप एकटा येत नाही. वसु, रुद्र आणि आदित्य या रूपांनी बाप, आजा, पणजा असे तिघे एकत्र येतात. चतुर्दशीला मात्र जो शस्त्राने गेला त्या एकाचेच एकोद्दिष्ट श्राद्ध करावयाचे, पिंड एकच. आणि शास्त्रकारांनी या तिथीला केवळ रणात पडलेल्यांनाच बोलाविलेले नाही. विषाने, आगीने, पाण्यात बुडून, जनावराच्या शिंगाने, अशा नाना प्रकारच्या अपमृत्यूने गेलेल्यांचाही तोच दिवस. ज्याला पराशराने सूर्यमंडळाच्या पलीकडे पाठविले होते, त्याला श्राद्धकल्पाने विहिरीत पडून मेलेल्या शेजाऱ्याच्या पंक्तीला आणून बसविले. काही वीरपूजकांना यात अवमान वाटेल. मला यात मोठी माणुसकी दिसते; कारण घरच्यांच्या दृष्टीने दोघेही अवेळी गेले, आणि श्राद्ध हे घरच्यांचे कर्म आहे. त्या संकल्पात गोत्र उच्चारले जाते, नाव उच्चारले जाते, आणि नाते उच्चारले जाते. हुद्दा उच्चारला जात नाही. हवालदार असो की कर्नल, भाताच्या त्या एका गोळ्यापुढे तो कोणाचा तरी बाप असतो.

आणि लगेच पंचांगाचे पान उलटावे. चतुर्दशीनंतर अमावास्या, दुसऱ्या दिवशी घटस्थापना, आणि शस्त्रहतांच्या तिथीपासून अकराव्या दिवशी दसरा. शिवकालात पावसाळ्याची छावणी उठून फौज मुलूखगिरीला बाहेर पडे ती दसऱ्याला. एकच घर, एकच ओसरी. तिथे एका पंधरवड्याच्या आत शस्त्राने मेलेल्या बापाला पिंड दिला जातो आणि त्याच्या मुलाच्या हातातल्या शस्त्राला झेंडूचे फूल वाहून त्याला सीमोल्लंघनाला धाडले जाते. ज्यांनी हे दिवस एवढे जवळ आणून ठेवले त्यांना शस्त्र म्हणजे काय हे ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये. तलवारीची पूजा करणाऱ्याने अकरा दिवसांपूर्वी तिची किंमत आपल्या हातांनी दर्भावर ठेवलेली असे. आजच्या आपल्या विजयोत्सवांना नेमकी हीच चतुर्दशी नसते, हे माझे गाऱ्हाणे आहे.

मराठेशाहीच्या राज्यकर्त्यांना घराचा विसर पडला नव्हता हेही सांगितले पाहिजे. पेशवे दप्तराच्या कागदांत ‘बालपरवेशी’ नावाची एक बाब आढळते. लढाईत पडलेल्या शिपायाच्या अज्ञान मुलांच्या पालनपोषणासाठी सरकारातून जी नेमणूक होई ती बालपरवेशी. कारकुनाने बोरूने लिहिलेल्या त्या रुक्ष नोंदीत अप्सरा नाहीत, कैलास नाही. पण वीरगळाच्या कारागिराला जे पोर दिसले नाही ते त्या कारकुनाला दिसले. आजही वीरपत्नीला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंगठा किंवा सही करून, मी जिवंत आहे असे ती सरकारला कळविते, तेव्हा कुठे त्याच्या मरणाचे निवृत्तिवेतन चालू राहते. ज्याचा यज्ञ क्षणात संपला त्याच्या पत्नीचा यज्ञ असा वर्षातून एकदा शिक्का मारून पुढे चालू होतो.

अर्जुनाच्या त्या अनुत्तरित शंकेला महाभारताने उत्तर दिले आहे, मात्र ते गीतेत नाही, स्त्रीपर्वात आहे. युद्ध संपल्यावर युधिष्ठिर सर्वांच्या दहनाची व्यवस्था करतो, ज्यांना कोणी नातलग उरले नाही अशा परमुलखातल्या शिपायांचीही. आणि मग सगळे गंगेवर तिलोदक द्यायला उतरतात. त्या घटकेला कुंती मुलांना सांगते की, कर्ण तुमचा थोरला भाऊ होता, त्यालाही पाणी द्या. आयुष्यभर दाबून ठेवलेले गुपित ती राज्याच्या वाटणीच्या वेळी सांगत नाही, युद्धाच्या आदल्या दिवशीही पांडवांना सांगत नाही. ओंजळीत पाणी घेतल्यावर नात्याचा उच्चार करावा लागतो, तिथे मात्र तिला गप्प राहवत नाही. कर्णाला सेनापतिपद जिवंतपणी मिळाले होते. कुळ मिळाले ते तर्पणात. आणि पुढे शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर सर्व सोडून वनात जायला निघतो तेव्हा त्याला अडवून गृहस्थाश्रमाची थोरवी कोण सांगतो? अर्जुन. पक्ष्याचे रूप घेतलेल्या इंद्राची आणि अकाली घर सोडून निघालेल्या तरुण तपस्व्यांची गोष्ट सांगून तो भावाला संसाराकडे वळवितो. युद्धापूर्वी ज्याला भीक मागून जगणे बरे वाटत होते, तोच युद्धानंतर चुलीपाशी परत चला म्हणतो. मधल्या अठरा दिवसांत त्याचा अभिमन्यू गेलेला आहे, हे वाचकाने येथे विसरू नये.

याच्या उलट टोकाला भीष्म आहे, ज्याने संसार केलाच नाही. त्याला पिंड देणारे मूल नाही, म्हणून माघ शुद्ध अष्टमीला कोणत्याही गृहस्थाने वैयाघ्रपद्य गोत्राचा उच्चार करून त्याला पाणी द्यावे असे शास्त्र आहे. निःसंतान योद्ध्याला समाजाने आपली सारी मुले अशी उधार दिली. यावरून एवढे दिसते की, ज्याचे घर नव्हते त्याच्या स्मरणासाठीसुद्धा आपल्या परंपरेला आधी घर शोधावे लागले.

आपल्या जिल्ह्यातले अलीकडचे उदाहरण म्हणजे पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक. ते राखीव नव्हते, पूर्णवेळ सेनेतले होते. साताऱ्याच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी, 1998 साली अधिकारी झालेले, 21 पॅराचे, आणि शेवटी 41 राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख. 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना ते पडले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. मागे पत्नी आणि दोन लहान मुले. स्वाती महाडिक यांनी त्यानंतर स्वतः सैन्यात जाण्याची इच्छा व्यक्त केली, त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल झाली, चेन्नईच्या अकादमीत त्यांनी तरुण मुलामुलींच्या बरोबरीने शिक्षण पुरे केले आणि सप्टेंबर 2017 मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. सतीशिळेवरच्या हातात बांगड्या होत्या. या हाताने सलाम केला. वृत्तपत्रांनी त्यांना वीरांगना म्हटले, ते योग्यच. पण मला या घटनेचे महत्त्व वेगळे वाटते. पतीचे स्मरण करण्यासाठी त्यांनी दगड निवडला नाही आणि देवघरही निवडले नाही. जे काम पतीला प्रिय होते त्या कामावर त्या रुजू झाल्या, आणि दोन मुलांची आई राहूनच रुजू झाल्या. गृहस्थाश्रम आणि क्षात्रधर्म एका देहात नांदतात की नाही हा वाद शास्त्र्यांनी घालत बसावे. साताऱ्यात तो एकाच घरात दोनदा निकालात निघाला आहे.

मनूच्या वचनाकडे परत वळायचे तर माझे मत असे आहे की, रणात पडलेल्याचे अशौच तत्क्षणी फिटते ही सवलत मृताच्या थोरवीसाठी असेल, जिवंतांच्या शोकाला ती लागू करू नये. ज्या समाजाला वीराचे सुतक नसते त्या समाजाला पुढचा वीर पाठविणे फार सोपे जाते. शास्त्रकारांनी चतुर्दशी वेगळी राखली, त्यांना हे उमगले असावे असे मानण्यास जागा आहे. नाहीतर ज्याचा यज्ञ आधीच पूर्ण झाला त्याला वर्षानुवर्षे पिंड कशासाठी?

एक विनंती करून थांबतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पुष्कळ गावांच्या चावडीपाशी, शाळेपाशी किंवा वेशीत संगमरवरी पाटी असते, तिच्यावर पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धापासून आजपर्यंतच्या लढायांत कामी आलेल्यांची नावे असतात, नंबर आणि पलटणीसह. टी.ए.त गेलेले आणि राखीव यादीतून परत बोलावलेले त्यांत कित्येकदा नसतातच. येत्या भाद्रपद वद्य चतुर्दशीच्या आधी गावातल्या कोणीतरी, शिक्षकाने, ग्रामसेवकाने किंवा कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीने, ती यादी वहीत उतरवून घ्यावी, सुटलेली नावे तिच्यात घालावीत, आणि प्रत्येक नावापुढे घरोघर विचारून आईचे नाव, बायकोचे नाव, मुलांची नावे आणि तो पलटणीत नसताना काय करीत असे ते लिहावे. 1962 आणि 1965 च्या युद्धांच्या वेळी ज्या लग्न होऊन नुकत्याच आल्या होत्या त्या बायका आता ऐंशीच्या आसपास आहेत, काही पुढे गेल्या आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.